रविवारी जात नाही, सोमवारी दाखला

आमच्या इकडं एससी घरातल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा की १० ऑगस्ट १९५० म्हणजे काय, तो सांगेल "पुरावा". कास्ट सर्टिफिकेट काढायचं, व्हॅलिडिटी करायची, तर त्या तारखेच्या आधीचा कागद लागतो, आजा-पणज्याच्या शाळेचा दाखला नाहीतर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल, ज्यात जात लिहिलेली असेल. पण हीच तारीख का, हे फार कमी जणांना माहीत असतं आणि खरं सांगतो, मलाही पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, मी जिल्हा परिषदेचा मास्तर असून. कळलं ते पुतण्यामुळं.

पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतोय. त्याच्यासोबत तालुक्याच्या सेतू केंद्रात गेलो, पिशवीत पणजोबांची कोतवाल बुकाची नक्कल, मोडीतून उतरवून घेतलेली, त्यात स्वच्छ 'महार'. काउंटरवरचा पोरगा चांगला होता, कागद पाहून खूशच झाला, म्हणे "एवढा जुना पुरावा कोनाकडं राहते सर!" मग त्यानं आजोबांचा शाळेचा दाखला उलटला आणि थांबला, कारण त्यावर 'ख्रिश्चन' लिहिलेलं. "सर, दोन्ही नाही जमत. एक काहीतरी सांगा." पुतण्या माझ्याकडं बघायला लागला, मागं लाइन, लाइट जायची वेळ, आणि मी तिथं उभा राहून विचार करतोय की आपण नेमके कोण.

तर आमच्या घराची गोष्ट सांगतो, मग कायदा सोपा होईल. पणजोबांना दोन मुलं. थोरला म्हणजे माझे आजोबा, ते लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात शिकले, तिथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. धाकटे आजोबा गावातच राहिले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला पांढरे कपडे घालून नागपूरला गेले, बाबासाहेबांसमोर दीक्षा घेऊन आले. दोघं भाऊ शेवटपर्यंत एकाच अंगणात राहिले, मध्ये काट्याचं कुंपणसुद्धा नाही. नाताळाला इकडच्या करंज्या तिकडं आणि बुद्धपौर्णिमेला तिकडची खीर इकडं, अजूनही. आडनाव एक, विहीर एक, आणि ती विहीर गावच्या मोठ्या विहिरीपासून वेगळी का हे काही सांगायला नको. पण धाकट्या आजोबांचा नातू एससी आहे आणि थोरल्यांचा नाही. सरकारच्या हिशोबात एका भावाची जात राहिली, दुसऱ्याची बोर्डिंगात पुसली गेली.

हे कसं झालं? संविधानाच्या कलम ३४१ प्रमाणे कोणत्या जाती अनुसूचित जाती हे राष्ट्रपती आदेश काढून ठरवतात. तो आदेश निघाला १० ऑगस्ट १९५० ला. म्हणून ती तारीख. त्या आदेशात तिसरा परिच्छेद आहे, दोन ओळींचा, त्याचा अर्थ असा की हिंदू धर्म सोडून दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. पुढं १९५६ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. म्हणजे धाकट्या आजोबांचं घरही केंद्राच्या यादीत यायला चौतीस वर्षं थांबलं होतं, ते काही त्यांना फुकट मिळालं नाही, त्यासाठी आंदोलनं झाली. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित तेवढे बाहेर राहिले, अजून बाहेरच आहेत. दरवर्षी १० ऑगस्टला दलित ख्रिस्ती संघटना काळा दिवस पाळतात तो ह्याच आदेशाचा.

इथं एक गोंधळ लोक नेहमी करतात तो सांगून टाकतो. मेळघाटातला कोरकू किंवा गडचिरोलीतला गोंड ख्रिस्ती झाला तरी त्याचं एसटी जात नाही, कारण एसटीला धर्माची अट घातलेली नाही. एससीचा पाया अस्पृश्यता धरला, आणि अस्पृश्यता ही हिंदू समाजाची गोष्ट, दुसऱ्या धर्मात गेला की ती सुटली, असं कायद्याने गृहीत धरलं. सगळी भानगड त्या गृहीत धरण्यात आहे.

आणि जातं काय काय? लोकांना वाटतं फक्त नोकरी. नोकरी आहेच, स्कॉलरशिप आहे, पण आमच्यासारख्या गावात त्याहून मोठ्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे सरपंचपद एससीला राखीव निघालं की आमच्या घरचा माणूस फॉर्म भरू शकत नाही, अंगणातला चुलतभाऊ भरू शकतो. दुसरी अ‍ॅट्रॉसिटी. कोणी जातीवरून शिवी दिली, मारलं, तर शिवी देणारा काही आधी विचारत नाही की बाबा तू रविवारी कुठं जातोस. तो आजोबांच्या जातीनंच शिवी देतो. पण तक्रार करायला गेलं तर कायदा विचारतो. आंध्र प्रदेशच्या हायकोर्टानं एप्रिल २०२५ मध्ये एका पाळकाच्या, म्हणजे पास्टरच्या केसमध्ये हेच म्हटलं, की ख्रिस्ती झालेल्याला एससी-एसटी अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घेता येणार नाही. काही राज्यांनी मधला रस्ता काढलाय, जसं आंध्रात एससीतून ख्रिस्ती झालेल्यांना मागासवर्गाच्या 'सी' गटात एक टक्का दिलाय. एक टक्क्यात काय येतं ते तुम्हीच बघा, पण शिवीचं काय करायचं याचं उत्तर त्यात नाहीच.

आता मुद्द्याचं. सुप्रीम कोर्टात हे प्रकरण पहिल्यांदा नीट गेलं ते एका चांभारकाम करणाऱ्या माणसामुळं. मद्रासमधला सूसाई, आदि द्रविड, ख्रिस्ती, रस्त्याच्या कडेला चपला शिवणारा. तिथल्या सरकारनं एससी चांभारांना फुकट टपऱ्या वाटल्या, ह्याला मिळाली नाही, कारण धर्म. शेजारी तेच काम करणाऱ्याला मिळाली. तो कोर्टात गेला, निकाल लागला १९८५ मध्ये, आणि तो हरला. पण कोर्टानं हरवताना जे म्हटलं ते महत्त्वाचं आहे. कोर्ट म्हणालं, धर्म बदलल्यावरही जात शिल्लक राहते एवढं सांगून भागणार नाही, नव्या धर्माच्या समाजातही तोच जातीचा जाच तेवढ्याच तीव्रतेनं चालू आहे हे दाखवावं लागेल, आणि ते दाखवणारा पुरावा आमच्यासमोर आलेला नाही.

परत वाचा. पुरावा आणायचा कोणी? चर्चनं. कशाचा? चर्चमध्ये जात आहे याचा.

आणि चर्च रविवारी काय सांगतं? आमच्या उपासनेत महिन्यातून एकदा तरी बायबलातलं पौलाचं ते वचन येतंच, यहूदी आणि हेल्लेणी असा भेद नाही, दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, सगळे ख्रिस्तात एक. पोट्ट्यांना संडे स्कूलमध्ये तोंडपाठ करवतात. सरकारनं आमचंच वचन आमच्यावर उलटवलं म्हणा ना. तुमच्यात जात नाही म्हणता, मग जातीची सवलत कशाला? तर्काला तर्क बरोबर आहे. आम्ही रविवारी म्हणतो जात नाही, आणि सोमवारी पोराला घेऊन दाखल्याच्या लाइनीत उभे राहतो. ह्या दोन दिवसांच्या मध्ये जी गोष्ट बोलायची राहून जाते त्याबद्दल हे सगळं लिहितोय.

कारण आमच्यात जात आहे. दक्षिणेत ती उघड्या डोळ्यांनी दिसते. तमिळनाडूत त्रिचीच्या एका कॅथलिक कबरस्तानात मधोमध भिंत आहे, एकीकडं दलित, दुसरीकडं बाकीचे. मेल्यावर. एरैयूर नावाच्या गावात २००८ मध्ये दलित ख्रिस्ती आणि वन्नियार ह्या दलितेतर जातीतले ख्रिस्ती यांच्यात असा तणाव झाला की पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली. बाबासाहेबांनी तर कितीतरी आधी लिहून ठेवलंय की धर्मांतरानं ख्रिस्ती झालेल्याची जात सुटली नाही. कॅथलिक बिशपांच्या संघटनेनं शेवटी डिसेंबर २०१६ मध्ये दलितांबद्दलचं धोरण जाहीर करताना लेखी कबूल केलं की हो, चर्चमध्ये भेदभाव आहे. आणि पहिला दलित कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्मगुरू, झाला तो ऑगस्ट २०२२ मध्ये, हैदराबादचे अँथनी पूला.

विदर्भात भिंती नाहीत. आमच्याकडं एका सतरंजीवर सगळे बसतात, एका ताटातला पाव मोडतात, जेवणावळीत कोणी कोणाच्या हातचं नाकारत नाही. पण सोयरीक निघाली की एक प्रश्न येतो, आवाज थोडा खाली करून. "मूळचे कोण?" हा 'मूळचे' शब्द ज्यानं काढला त्याला सलाम करायला पाहिजे, त्यात सगळं येतं आणि जात हा शब्द येत नाही. मूळचे महार, मूळचे मांग, मूळचे कुणबी असले तर जरा मान वर, आणि एखादं घर मूळचं ब्राह्मण निघालं की चार गावांत सांगतात. रोटी झाली, बेटी अडली. मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, लग्नाचं रजिस्टर सेक्रेटरी म्हणून माझ्याकडं असतं, त्यात मूळ सोडून बाहेर झालेली लग्नं मोजायला एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातली बहुतेक पळून जाऊन केलेली, नंतर आशीर्वाद दिलेली.

हे वाचून कोणी म्हणेल की हा आपला खास भारतीय रोग. नाही हो. अमेरिकेकडं बघा, तिथं जातीच्या जागी रंग ठेवा, गोष्ट तीच निघते, आणि चर्च तिथंही दोन्ही बाजूंना उभं दिसतं. १७८७ च्या सुमाराला फिलाडेल्फियाच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये काळी माणसं गुडघे टेकून प्रार्थना करत होती, तर प्रार्थना चालू असतानाच त्यांना ओढून उठवलं, की ही जागा तुमची नाही. ते सगळे उठून बाहेर गेले ते परत आले नाहीत. त्यांच्यातला रिचर्ड अ‍ॅलन, गुलामीतून स्वतःला पैसे देऊन सोडवलेला माणूस, त्यानं पुढं काळ्या लोकांचं स्वतःचं चर्च उभं केलं, १८१६ मध्ये त्याचा स्वतंत्र पंथ झाला. म्हणजे 'काळ्यांचं चर्च' हे वेगळं का, असं जे विचारतात त्यांना उत्तर हे आहे की एकत्र होते तेव्हा गुडघ्यावरून उठवलं.

गुलामांचे मालक बायबल वाचायचे नाहीत असं थोडंच आहे. "दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा" ही ओळ त्यांना पाठ होती. पण सगळं बायबल गुलामांच्या हातात द्यायला भीती वाटायची, कारण त्यात निर्गम आहे, मोशे आहे, फारोच्या तावडीतून गुलामांची अख्खी जमात समुद्र ओलांडून निघून जाते. म्हणून १८०७ मध्ये लंडनला वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी एक खास छाटलेलं बायबल छापलं, त्यातून ती सुटकेची गोष्टच काढून टाकली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हसू आलं आणि मग आलं नाही. कारण आपणही छाटतोच की, फक्त कात्री लावत नाही, ते पान उपासनेला काढत नाही एवढंच.

आता हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटत असेल तर थोडं थांबा, ते आपल्या नागपूरपर्यंत येतं. १८४५ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या बाप्टिस्टांनी वेगळी चूल मांडली, भांडणाचं मूळ काय तर गुलाम ठेवणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही. त्याची माफी मागायला त्यांना १९९५ साल उजाडलं. आणि त्याच १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपूरला पोचला, तोच ज्याच्या नावाचं कॉलेज आहे, शाळा काढणारा, दगडधोंड्यांचा आणि गोंडीचा अभ्यास करणारा, १८६३ मध्ये टाकळघाटहून येताना पुराच्या पाण्यात बुडून गेला बिचारा. हिस्लॉपला पाठवणारं चर्च होतं फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड. ते १८४३ मध्ये जुन्या चर्चमधून फुटून निघालं होतं, कारण पाळक कोण हे गावच्या जमीनदारानं ठरवायचं हे त्यांना पटत नव्हतं. स्वातंत्र्यासाठी निघालेले लोक. पण नवी चर्चं बांधायला पैसा पाहिजे, तर त्यांचे लोक अमेरिकेत वर्गणीला गेले आणि गुलाम ठेवणाऱ्यांकडूनही पैसे घेऊन आले, सगळे मिळून तीनेक हजार पौंड. १८४६ मध्ये फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीतून पळून आलेला, स्कॉटलंडभर सभा घेत फिरला, घोषणा एकच, पैसे परत करा. भिंतींवर लिहिलं, गाणी झाली. पैसे परत गेले नाहीत.

हिस्लॉपचं काम खोटं होतं असं मी म्हणत नाही. विदर्भात मुलींना आणि आमच्यासारख्यांना पाटी मिळाली ती बऱ्याच ठिकाणी मिशनच्या ओसरीवर. माझ्या आजोबांना अक्षर मिळालं ते तिथंच, गावच्या शाळेत ते दाराबाहेर बसले असते. चांगलं काम आणि डागाळलेला पैसा एकाच घरातून निघू शकतात, आणि जे घर ते मान्य करत नाही त्याला डग्लससारखा पाहुणा आवडत नाही, एवढंच.

उलटं उदाहरणही आमच्याच जिल्ह्यातलं आहे. लहानपणी मी 'फ्री मेथडिस्ट' अशी पाटी वाचायचो आणि मला वाटायचं की फ्री म्हणजे फुकट, इथं काहीतरी फुकट मिळत असेल. मोठेपणी वाचलं तर मी फार चुकलो नव्हतो! त्या काळी अमेरिकेत चर्चमधली बाकडी भाड्यानं द्यायचे, पैसेवाला पुढं, गरीब मागं. १८६० मध्ये जे लोक मेथडिस्टांतून बाहेर पडले त्यांनी दोन गोष्टी धरल्या, बाकडं फुकट आणि गुलामी नको. त्या नावातला 'फ्री' तो. ते मिशन पुढं आमच्या यवतमाळकडं आलं, उमरीचा दवाखाना त्यांचाच. म्हणजे इथल्या कापसाच्या रानात बसलेल्या चर्चच्या पाटीवर गुलामीविरुद्धचं राजकारण लिहिलेलं आहे, आणि आत "चर्चमध्ये राजकारण आणू नका" असं कुठल्याही मंडळीत ऐकायला मिळतं तसं ऐकायला मिळतं.

हे "राजकारण आणू नका" प्रकरण जरा उलगडून बघू. त्यामागं एक वचन असतं, रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा. ते आहेच बायबलमध्ये, मी नाही म्हणत नाही. पण याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्यायही आहे, त्यात अगदी बसायच्या जागेबद्दल लिहिलंय, की सोन्याची अंगठी घातलेला सभेत आला तर त्याला म्हणता इथं चांगल्या जागी बसा, आणि मळक्या कपड्यांचा आला तर म्हणता तिकडं उभा राहा नाहीतर माझ्या पायाशी बस, मग तुम्ही भेदभाव केला की नाही? कोणाला कुठं बसवायचं हा जर बायबलचा विषय असेल तर ते राजकारण नाही तर काय आहे. आणि निवडणुकीच्या वर्षी नाताळाला जे उमेदवार केक घेऊन येतात त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवतो, शाल देतो, तेव्हा मात्र राजकारण आत आलेलं चालतं.

मार्टिन लूथर किंगला नेमकं हेच सांगितलं होतं. तो स्वतः पाळक, बसमधल्या रंगभेदाविरुद्ध काळ्या लोकांनी केलेला मॉन्टगोमरीचा बस बहिष्कार १९५५ च्या डिसेंबरात सुरू झाला तो ३८१ दिवस चालला, मीटिंगा चर्चमध्ये, वर्गणी चर्चमध्ये, कोणाच्या गाडीत कोण जाणार ह्याच्या याद्यासुद्धा चर्चमध्ये. १९६३ च्या एप्रिलमध्ये तो बर्मिंगहॅमच्या जेलमध्ये असताना आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पत्रक काढलं की आंदोलन घाईचं आहे, सबुरीनं घ्या. त्याचं जे उत्तर त्यानं पेपरच्या कोऱ्या कडांवर लिहायला सुरुवात केली त्यात त्याचा राग उघड शत्रूंवर कमी आणि अशा समजूतदार भल्या माणसांवर जास्त आहे. मला ते वाचून आमचे कमिटीवाले आठवतात, वाईट माणसं नाहीत ती, फक्त नेहमी म्हणतात की योग्य वेळ आली की बोलू.

किंग १९५९ मध्ये भारतात आला होता. केरळात दलित मुलांच्या एका शाळेत हेडमास्तरांनी मुलांना त्याची ओळख करून दिली, हा अमेरिकेतला तुमच्यासारखाच एक अस्पृश्य. त्यानंच नंतर आपल्या चर्चमध्ये सांगितलं की पहिल्यांदा धक्का बसला, राग आला, मग विचार केला आणि वाटलं खरंच की, मी अस्पृश्यच आहे. बघा, तो आपल्या लोकांसमोर उभं राहून हे बोलला. आमच्यात 'मूळचे'.

आता ही गप्प बसायची सवय का लागली तेही सांगायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. भीती आहे आणि ती उगाच नाही. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं, म्हणजे आपण त्यातच होतो आणि राजधानी नागपूरच होती, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली, नागपूर हायकोर्टाच्या माजी मुख्य न्यायाधीशांच्या हाताखाली. १९५६ मध्ये अहवाल आला, की ज्या परदेशी मिशनऱ्यांचं मुख्य काम धर्मांतर आहे त्यांना परत पाठवा, धर्मांतरावर कायद्यानं बंधन आणा. गंमत अशी की त्याच वर्षी त्याच नागपुरात लाखो लोकांनी एका दिवसात धर्म बदलला, आणि तेही आमिषानं नाही, रेल्वेचं तिकीट आपल्या पैशानं काढून. तो अहवाल पुढच्या सगळ्या धर्मांतरविरोधी कायद्यांचा आजा म्हणायला हरकत नाही, ओडिशा १९६७, मध्य प्रदेश १९६८, आणि १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे कायदे मान्य करताना म्हटलं की धर्माचा प्रसार करायचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नाही. तेव्हापासून गावात कोणाच्या घरी आजाऱ्यासाठी प्रार्थनेला चार जण जमले तरी कोणीतरी बाहेरून विचारतं, काय चाललंय. राज्यात आपण एक टक्काही नाही, २०११ च्या जनगणनेत दहा लाख ऐंशी हजारांच्या आसपास. अशात माणूस डोकं खाली घालूनच चालतो.

आणि काही जण दोन घरं करतात. कागदावर हिंदू, रविवारी मंडळीत. मी त्यांना नावं ठेवत नाही, पोराच्या फीचा प्रश्न असतो. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुदुच्चेरीच्या एका बाईचा एससी दाखला नाकारला, लहानपणी बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणं चालू, आणि नोकरीसाठी म्हणे मी हिंदू, तर कोर्ट म्हणालं ही राज्यघटनेची फसवणूक आहे. ती बातमी आमच्याकडं व्हॉट्सअ‍ॅपवर आली त्या दिवशी बऱ्याच घरांत फोटोफ्रेमा भिंतीवरून कपाटात गेल्या. परत फिरायचा रस्ताही कायद्यात आहे, २०१५ च्या एका निकालात म्हटलंय की मूळ जात सिद्ध झाली, माणूस खरोखर मूळ धर्मात परतला आणि समाजानं स्वीकारलं तर दाखला मिळतो. म्हणजे दाखला पाहिजे तर येशू सोडा.

अंगणातल्या चुलतभावाशी यावर माझं भांडण होतं, प्रेमाचं, पण भांडण. तो म्हणतो, "तुमची मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, आम्हाले काय होतं? आता आमच्या तेरा टक्क्यात तुमी आले तं आमच्या पोरायनं कुठं जावं?" त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मिशनमध्ये ज्यांच्या नोकऱ्या लागल्या ती घरं पुढं गेलीच. पण बोर्डिंगातून शिकून निघालेल्या एका आजोबांमागं दहा जण वावरात मजुरीला होते आणि अजून आहेत, आणि सवलत मिळाली तर टक्का वाढवावा की वाटून घ्यावा हा वेगळा हिशोब झाला, त्यासाठी खरी गोष्ट खोटी ठरत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये सांगितलंच होतं की एससीला धर्माची अट काढा. सरकारनं ते मानलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला, मुदत दोन वर्षांची, मग ती वाढत गेली. त्यांच्यासमोर प्रश्न तोच, सूसाईचा. धर्म बदलल्यावर जातीचा जाच उरतो का? दाखवा.

म्हणून मी मंडळीच्या कमिटीत विषय काढला की आपण आयोगाला एक पानाचं निवेदन पाठवू. सगळे हो म्हणाले, अन्याय झालाय, लिहाच. मग मी कच्चं वाचून दाखवलं. गावात आमच्याशी कसं वागतात तो परिच्छेद सगळ्यांना आवडला. पुढं मी लिहिलं होतं की आमच्या स्वतःच्या मंडळ्यांमध्येही सोयरीक करताना मूळ जात पाहिली जाते, त्यासाठी लग्नाचं रजिस्टर हवं तर हजर करू. एकदम शांतता. एक जण म्हणाले, आपणच आपली बदनामी कशाला करायची. दुसरे म्हणाले, हे विरोधकांच्या हाती लागलं तर. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थनापूर्वक विचार करू. मी म्हटलं साहेब, दर रविवारी उपासनेच्या सुरुवातीला आपण पापांगीकार म्हणतो, सगळे मिळून, मोठ्यानं, की आम्ही विचारानं शब्दानं कृतीनं चुकलो, त्यात हे एक पाप नावानं लिहिलं तर काय बिघडतं? कोर्टाला पुरावा पाहिजे आणि देवाला कबुली पाहिजे, कागद तर तोच आहे.

मागं दाराशी आमची मोठी माय बसली होती, ऐंशीच्या पुढची, ती कमिटीत नाही पण येऊन बसते. म्हणाली, "लिव बापा. माह्या सोयरिकीच्या वक्ती मले 'मूळच्या कोन' म्हणून चर्चवाल्यायनंच इचारलं होतं, पाटलानं नाही." कोणी काही बोललं नाही. मग चहा आला.

निर्णय पुढच्या रविवारवर गेलाय, उपासना झाल्यावर, आणि लवकर आटपा असं आधीच सांगून ठेवलंय कारण सोयाबीन सोंगणीला आलंय आणि मजूर त्याच दिवशी मिळणार आहेत. पुतण्यानं भरतीचा फॉर्म ओपनमधून भरला. कच्चं निवेदन रजिस्टरमध्ये घालून ठेवलंय, तो दुसरा परिच्छेद मी काढलेला नाही.